जठराच्या पुढे नाला होता

समस्त नागरिकांस, त्यातही ज्यांना ज्यांना पोट आहे अशा नागरिकांस, अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, भंडारा जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत एका पावसाळ्यात मानवी अन्न जठरापर्यंत येऊन पोहोचले आणि तिथेच थांबले. पुढे जायला वाट होती, पण वाटेत नाला होता. या घटनेची नोंद कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात सापडणार नाही. ज्या बाईंच्या हातून हे घडले त्या अजून हयात आहेत, दोन्ही वेळेला व्यवस्थित जेवतात, आणि हे निवेदनही त्याच लिहीत आहेत.

मी तेव्हा नुकतीच डी.एड. झाले होते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. आंधळगावाहून सायकल हाणत गेलं तर पाय आणि रस्ता एकाच वेळी संपावेत अशा ठिकाणी माझी पहिली नेमणूक झाली. गावाच्या मधून एक नाला जायचा. अलीकडे गाव, पलीकडे टोली. टोली म्हणजे वीस-पंचवीस घरांची वस्ती, पण तिथल्या माणसांचा रुबाब असा की गावच त्यांच्या टोलीला चिकटलेलं आहे. शाळा गावाच्या बाजूला होती, कवेलूंच्या छपराची, दोन खोल्यांची. शिक्षक दोन. एक बडे गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक, आणि एक मी. मी बडे गुरुजींच्याच घरी एका खोलीत राहायची, त्यामुळे शाळा सुटली तरी मुख्याध्यापक सुटत नसत.

आता त्या शाळेची सुट्टी कशी ठरायची ते ऐका. नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका पूल होता, त्यावरून टोलीची मुलं यायची. रपट्याच्या गावाकडच्या टोकाला शेंदूर फासलेला एक गोटा होता. त्याला सगळे नाल्यावरचा देव म्हणत. कोणत्या जमान्यात कोणी ठरवलं कोण जाणे, पण नियम होता: देव भिजला की शाळा बंद. देव भिजतो म्हणजे पाणी रपट्यावरून जाणार, तेव्हा टोलीची पोरं आधी घरी पोहोचवायची. बडे गुरुजी छत्री घेऊन देवाचं दर्शन घ्यायला जात, परत येऊन घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा ठोकत, आणि पोरं नाल्याच्या दिशेने अशी पळत की पाहणाऱ्याला वाटावं, पूर पाहायला नव्हे, आणायला चालली आहेत.

नियम चांगला होता. त्यात एकच भोक होतं. देव नाल्याच्या पुरानेच भिजला पाहिजे, असं त्यात कुठे म्हटलेलं नव्हतं. एकदा चक्क ऊन पडलेलं असताना चौथीतला एक टोलीचा पोरगा धापा टाकत आला आणि म्हणाला की देव भिजला. बडे गुरुजी छत्री घेऊन गेले, मीही मागोमाग. देव खरंच ओलाचिंब होता. नाल्यात मात्र घोट्याएवढं पाणी, आणि झुडपामागे एक पितळी गडवा पालथा घातलेला. गुरुजींनी पोराला विचारलं की हे काय. पोरगा म्हणाला, आंघोळ घातली जी, तुम्हीच सांगता का स्वच्छता पाहिजे.

गुरुजींनी देवाला वाकून नमस्कार केला. मग त्यांनी शाळा बंद केली. मला म्हणाले, "भिजला तर भिजला. मी देवाले खोटा कसा पाडू, बाई?"

अशा राज्यात मी नियोजन घेऊन आले होते. आणि कसलं नियोजन! आम्हाला डी.एड.ला शिकवलं होतं की टाचणाशिवाय वर्गात जाणारा शिक्षक म्हणजे बैलाशिवाय शेतात गेलेला नांगर. वर्षाचं नियोजन, महिन्याचं नियोजन, रोजचं टाचण. प्रत्येक पाठाच्या पाच पायऱ्या: प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, दृढीकरण, गृहपाठ. मी त्या पायऱ्या इतक्या भक्तीने चढत होते की घरात पाणी आणायला उठतानाही मनात आधी हेतुकथन व्हायचं. पावसालाही त्या पायऱ्या पाठ असाव्यात. तो कधी प्रस्तावनेच्या वेळी आला नाही. विषयप्रतिपादन रंगात आलं, आता दृढीकरण करायचं, म्हणजे शिकवलेलं मुलांच्या डोक्यात ठोकून बसवायचं, की बाहेर रुळाचा तुकडा वाजायचा. मी पहिल्या दोन महिन्यांत अनेक पाठ शिकवले, पण ठोकून एकही बसवला नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण माझी नेमणूक तात्पुरती होती. विस्तार अधिकारी साहेब तपासणीला येणार, माझा एक पाठ पाहणार, आणि त्यांचा अहवाल चांगला गेला तरच मी कायम होणार. नाही तर? नाही तर काय, ते आमच्या बाबांनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

बाबांचं तुमसरला किराणा दुकान होतं, आणि शेजारी एक धानाची मिल होती. त्या मिलवाल्यांचा मुलगा मला पाहून गेला होता. पाहायला आला तेव्हा त्याने मला स्वयंपाक विचारला नाही, गाणं विचारलं नाही, नावसुद्धा विचारलं नाही. चहाची बशी खाली ठेवली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "तुमच्याकडं कोंडा बारीक येते का जाडा?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ते ऐकून त्याला माझी कीव आली असावी, कारण पुढचा सगळा वेळ त्याने मला हलर कसा चालतो हे सांगण्यात घालवला. धान कुठून आत जातं, टरफल कुठे सुटतं, तांदूळ कुठे पडतो, कोंडा कुठून उडतो. प्रस्तावना नाही, हेतुकथन नाही, सरळ विषयप्रतिपादन. तो गेल्यावर मी घरात जाहीर केलं की मी जन्मभर नोकरी करीन, पण या हलरात पडणार नाही.

बाबा व्यापारी माणूस. त्यांनी आरडाओरडा केला नाही, सौदा केला. म्हणाले, "हे पाह्य बेटा, सरकारनं कायम ठेवलं तर तू सरकारची. नाही ठेवलं तर मिलवाल्याची. मले दोन्हीकडून चिंता नाही."

तर माझं सगळं आयुष्य एका पाठावर येऊन ठेपलं होतं. तो पाठ मी निवडला चौथीच्या विज्ञानातला: अन्नाचा प्रवास. तोंडातून निघालेला घास शेवटी कुठे जातो. विषय सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा. शैक्षणिक साधनं मी स्वतः तयार केली. जठर म्हणून वाळलेला भोपळा, दोन्हीकडून भोक पाडलेला. आतडं म्हणून सायकलची जुनी ट्यूब, कापून लांब केलेली. अन्ननलिका बडे गुरुजींच्या जुन्या छत्रीच्या दांड्यातून आली. ही साधनं पाहून गुरुजींच्या घरच्या काकूंनी मला विचारलं होतं की बाई, तुमच्या शाळेत विज्ञान शिकवतात का भंगार घेतात.

सोमवारी पाठ सुरू केला. प्रस्तावनेत विचारलं, आज सकाळी काय काय खाल्लं? ही चूक होती. एकेकाने आज सकाळचं, काल रात्रीचं, मावशीच्या लग्नातलं आणि जे मिळालंच नाही तेही सांगितलं. मी हेतुकथनाला हात घालते न घालते तोच रूळ वाजला. देव भिजला होता, आणि या वेळी प्रामाणिकपणे भिजला होता. टोलीची पोरं पळाली. शाळा बंद.

पण बंद शाळेचं आमच्याकडे एक गुपित होतं. शाळा बंद झाली की हजेरी वाढायची. धानाची रोवणी सुरू होती. गावातल्या बायांना चिखलात वाकून रोपं लावायची असत, आणि घरी मोकळी पोरं नको असत. शाळा चालू असताना त्या पोरांना लहान भावंडं सांभाळायला ठेवत. शाळा बंद म्हटली की भावंडांसकट शाळेत पाठवत, कारण बंद शाळेत भावंडं चालतात असा त्यांचा समज होता. हजेरी मांडली जात नसे, गृहपाठ नसे, म्हणून पोरंही खुशीत येत. त्यामुळे सोमवारी दुपारी माझ्यासमोर गावाकडची सगळी चौथी, अधिक कडेवरची बाळं, असा भरगच्च बंद वर्ग बसला होता.

मी काय करणार? टाचणात सोमवारी तोंड होतं. मी तोंड शिकवलं. मंगळवारी पाणी ओसरलं नाही, अन्ननलिका शिकवली. बुधवारी भोपळा घेऊन जठर शिकवलं. गावाची पोरं इतकी तयार झाली की एक कडेवरचं बाळसुद्धा भोपळा दिसला की पोटावर हात ठेवायचं.

गुरुवारी नाला उतरला. पण टोलीची पोरं आली नाहीत. टोलीवाल्यांच्या मते पूर म्हणजे सुट्टी, आणि पुरानंतरचा चिखल म्हणजे सुट्टीची शेपटी. मी ट्यूब काखेत मारली आणि त्यांना आणायला गेले. पोचले आणि मागे आभाळ फुटलं. रपटा गेला पाण्याखाली. शुक्रवार, शनिवार मी टोलीतच, एका घरच्या छपरीत. त्या घरच्या माउलीने मला जेवायला घातलं, आणि मोबदला म्हणून छपरीत टोलीची सगळी चौथी आणून बसवली.

इथे थोडी अक्कल असलेल्या माणसाने काय केलं असतं? तोंडापासून सुरुवात केली असती. पण मी प्रशिक्षित होते. टाचणात गुरुवारी लहान आतडं होतं, शुक्रवारी मोठं, शनिवारी शेवट. शिवाय हातात ट्यूब होती, भोपळा शाळेत. मी आतड्यापासून सुरू केलं.

पुढच्या ओळीत बसलेली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "पण बाई, ह्या आतड्यात ते आलं कुठून?"

मी म्हटलं, "ते गावातून आलं. गावात शिकवून झालं आहे."

तिचं समाधान झालं. टोलीच्या मते नको असलेल्या बऱ्याच गोष्टी गावातूनच येत.

शनिवारी शेवट शिकवला तेव्हा छपरी हसून हसून कोसळायची बाकी होती. पुस्तकातला शब्द होता 'उत्सर्जन'. तो मी तीनदा म्हणून घेतला. तो कोणाच्याच लक्षात राहिला नाही, कारण त्या गोष्टीसाठी प्रत्येकाकडे घरचा, रोजच्या वापरातला, जास्त मजबूत शब्द होता. संध्याकाळी पाणी थोडं ओसरल्यावर गावच्या कोतवालाने मला हाताला धरून रपटा पार करवला. एक हात कोतवालाला, एक हात लुगड्याला. ट्यूब टोलीतच राहिली.

रात्री टाचण पाहिलं आणि समाधानाने छाती भरून आली. तोंडापासून शेवटापर्यंत, ठरल्या वारी, ठरला भाग. पाठ पूर्ण. फक्त एकाही मुलाच्या पोटात तो पूर्ण नव्हता. गावाच्या पोरांचं अन्न जठरात जाऊन बसलेलं, आणि टोलीच्या पोरांचं अन्न तोंड न पाहताच आतड्यात प्रकट झालेलं. हे माझ्या लक्षात यायला रविवार जावा लागला. कबूल करायला लाज कसली, मला त्यात थोडी गंमतच वाटली. आता दोन्ही काठ एकत्र बसवू, एक उजळणी घेऊ, की झालं.

पण एकत्र बसणार कसे? पहिल्या वेळी उजळणी ठरवली आणि देव भिजला. दुसऱ्या वेळी देव कोरडा, पण रोवणीसाठी टोलीने पोरं शेतात नेली. तिसऱ्या वेळी दोन्हीकडची पोरं हजर, आभाळ स्वच्छ, भोपळा टेबलावर, मी प्रस्तावना टाळून थेट दृढीकरणाला उभी राहिले, आणि तेव्हाच तो गडव्यावाला भक्त देवाला आंघोळ घालून परत आला. वर सांगितलेला प्रसंग तो हाच.

आणि मग निरोप आला. साहेब अमुक दिवशी येणार. त्याच आठवड्यात बाबांचाही निरोप आला. साहेब येणार त्या दिवशी तेही येणार होते. कायम झालीस तर पेढा खाऊन परत, नाही तर ट्रंक घेऊन परत. ट्रंकेसाठी त्यांनी शेजारच्या मिलचा टेम्पो मागितला होता. टेम्पो कोण चालवणार हे निरोपात नव्हतं, पण माझ्या नाकाला कोंड्याचा वास आलाच.

तो दिवस उजाडला तोच निळाशार. ढगाचा ठिपका नाही. मी देवाला नारळ कबूल केला आणि वर म्हटलं, आजच्या दिवस कोरडा राहा. पण रात्री वर, नाकाडोंगरीच्या जंगलाकडे कुठेतरी पाऊस कोसळला असणार. सकाळी गढूळ पाणी नाल्यातून असं दौडत आलं की देव नाकापर्यंत बुडाला. टोलीची पोरं पलीकडे, ट्यूब पलीकडे, आतडी पलीकडे. आणि साहेब फटफटीवरून आंधळगावच्या बाजूने अलीकडे हजर.

साहेब गोल अंगाचे, घामट, आणि स्वतःच्या पोटाने गांजलेले होते. खिशात सोड्याची पुडी घेऊन फिरत. बडे गुरुजींनी हात जोडून सांगितलं की शाळा आज बंद आहे जी. साहेबांनी भरलेल्या वर्गाकडे बोट केलं आणि विचारलं, मग हे कोण. गुरुजी नम्रपणे म्हणाले की हे बंद शाळेचे पोट्टे आहेत. साहेबांनी सोडा घेतला. मग मला एका बाजूला घेऊन सभ्यपणे सांगितलं की परत या भागात यायला त्यांना दिवाळी उजाडेल, आणि माझी मुदत त्याआधी संपते. पाठ आजच, आणि पाठ पूर्ण, तरच ते लिहू शकतील.

मी पाठ सुरू केला. काय सांगू, असा घास कोणी चावला नसेल. मी मुलांना तो उजव्या दाढेने चावायला लावला, डाव्या दाढेने चावायला लावला, लाळेचं महत्त्व सांगितलं, पुन्हा चावायला लावला. अन्ननलिकेत मी घासाला इतका सावकाश उतरवला की मध्ये विसावा द्यावा लागला. शेवटी तो भोपळ्यात आला. भोपळा हलवला, आत जठररस तयार केला, पुन्हा हलवला. साहेब स्वतःच्या पोटावर हात ठेवून मन लावून ऐकत होते. मग म्हणाले, "छान. पुढे?"

मी भोपळा आणखी हलवला.

"पुढे काय होतं, मुलांनो?"

पहिल्या रांगेतला पोरगा उभा राहिला. माझ्या डोळ्यांतली विनवणी त्याला दिसली नाही. तो हात जोडून म्हणाला, "पुढचं टोलीवाल्यायले येते, साहेब. आमच्याकडं एवढंच आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नाल्याकडे पाहिलं. बडे गुरुजींनी सगळी हकीकत सांगितली, आणि सांगताना ती एवढी रंगवली की मलाच माझा अभिमान वाटला. साहेबांचा चेहरा मात्र वाचता येईना. मग ते उठले आणि म्हणाले की अन्न अडकलं की काय त्रास होतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. चला नाल्यावर.

आमची वरात निघाली. पुढे साहेब, मागे छत्री घेऊन गुरुजी, मागे भोपळा घेऊन मी, मागे सगळी बंद शाळा बाळांसकट. बायांनी रोवणी सोडून बांध धरला. गुराख्यांनी म्हशी उभ्या केल्या. नाल्याचा आवाज एवढा होता की प्रश्न पलीकडे पोहोचवायला कोतवाल पुढे झाला. त्याने तोंडाभोवती हात धरले आणि दवंडी द्यावी तसं ओरडला की टोलीच्या पोट्ट्यांनो, साहेब विचारून राहिले, जठरानंतर का होते ते सांगा.

पलीकडे धावपळ झाली. पोरं छपरीतून ट्यूब घेऊन आली आणि काठावर ती ताणून उभी राहिली. तुमसरचा रस्ता टोलीकडून यायचा, त्यामुळे त्याच गर्दीत मला बाबा दिसले. ते हातातली छत्री मिटून, तोंड उघडून उभे. त्यांच्यामागे मिलचा टेम्पो, आणि टेम्पोला टेकून, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या दुमडून, तो. टेम्पोत माझ्या ट्रंकेसाठी आधीच पोती अंथरून ठेवली होती. बाबांना नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, त्यांना वाटलं सरकारने मला शिक्षा म्हणून नाल्यावर उभं केलं आहे.

पलीकडून आवाज आला, लहान आतडं. पोरं ट्यूबच्या पहिल्या टोकाला नाचली. साहेबांनी मान हलवली. कोतवालाने विचारलं, त्याच्यानंतर. मोठं आतडं, उत्तर आलं, आणि सोबत त्यात पाणी शोषलं जातं हेही आलं, न विचारता. मी तर भोपळा छातीशी धरून रडायच्या बेतात होते. साहेबांनी पेन काढलं आणि स्वतःच म्हणाले, आणि शेवटी?

कोतवालाने विचारलं, "अन् आखरीले?"

आणि सगळी टोली गप्प झाली.

गप्प झाली, कारण त्यांना आता दिसलं की समोर सारं गाव उभं आहे. आया उभ्या आहेत, मावश्या उभ्या आहेत, साहेब उभे आहेत, म्हशी उभ्या आहेत. पुस्तकातला शब्द त्यांना आठवत नव्हता आणि आठवत होता तो शब्द आईसमोर बोलायची कोणाची छाती नव्हती. ट्यूबच्या शेवटच्या टोकाला ती चुणचुणीत मुलगी होती. तिने टोक हळूच खाली ठेवलं आणि ते आपलं नाहीच असा चेहरा केला. गडव्यावाला भक्त दुसऱ्यांच्या मागे लपला. अलीकडे गावाची पोरं तोंड दाबून लाल झाली. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. नाल्याच्या दोन्ही काठांवर असा एकही जीव नव्हता, म्हशींसकट, ज्याला उत्तर माहीत नव्हतं.

साहेब माझ्या कानाशी म्हणाले की बाई, अर्ध्या पाठाला मी पूर्ण लिहू शकत नाही, आणखी एकदा विचारतो. कोतवाल पुन्हा ओरडला. आवाज पलीकडे गेला आणि एकटाच परत आला. मी टेम्पोतल्या पोत्यांकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं, आता जन्मभर बारीक आणि जाडा.

आणि तेव्हा पलीकडून एक मोठा पुरुषी आवाज आला.

तो आवाज काय म्हणाला हे शेवटी सांगते. आधी निकाल ऐका. साहेब हसले. असे हसले की त्यांना वर्षानुवर्षं न आलेली एक मोठी ढेकर आली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आराम पसरला तो पाहून बडे गुरुजींनी नकळत हात जोडले. त्यांनी तिथेच, ओल्या देवाच्या साक्षीने, शेरा लिहिला: पाठ पूर्ण, परिसराशी उत्तम सांगड. दिवाळीआधी माझा कायमचा आदेश आला. बाबांनी पेढा खाल्ला, ट्रंक जागची हलली नाही, आणि टेम्पो रिकामा परत गेला.

त्या भल्या माणसाला आपण काय केलं याचा पत्ताही नव्हता. मी नापास झाले असते तर मी त्याची होते. त्याने स्वतःच मला पास करून सरकारच्या हवाली केलं. प्रश्न हवेत लटकलेला त्याला पाहवला नाही, एवढंच कारण. नंतर एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, साहेब विचारून राहिले होते, अन् मले येत होतं.

या उत्तरावर मी वर्षभर विचार केला. मग एका उन्हाळ्याच्या सुट्टीत, कोणी न सांगता, मी स्वतः बाबांजवळ गेले आणि म्हटलं की शेजारी विचारा, कोंडा बारीक येतो का जाडा. बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि दुकान उघडं टाकून मिलकडे गेले. आता आमच्या घरात कोंड्याचा विषय निघाला नाही असा दिवस जात नाही. मी निवृत्तीला टेकले आहे, तरी अधूनमधून आमच्या ह्यांना सांगते की आधी प्रस्तावना करा. ते करत नाहीत.

तर तो नाला, ते दोन काठ, तो ओला देव, माझ्या हातात भोपळा, आणि त्या भयंकर शांततेत, बाबांच्या खांद्यावरून, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात तो माणूस म्हणाला:

"कोंडा जी, साहेब! कामाचं तेवढं आत ठेवून घेते, अन् राहिलेला सारा कोंडा मागून फेकून देते. आमची मिल बी तेच करते!"